डीह्युमिडिफायरमध्ये गॅस भरण्यापूर्वी

नाशिकच्या पावसाळ्यात, विशेषतः पंचवटीतल्या ओल धरणाऱ्या जुन्या घरांत, डीह्युमिडिफायरची (हवेतला ओलावा पाणी करून काढणाऱ्या यंत्राची) टाकी भरेनाशी झाली की ‘गॅस संपला’ असे निदान लगेच केले जाते. पण ही यंत्रणा बंदिस्त असल्याने गळती झाल्याखेरीज त्यातला थंडावा देणारा गॅस कमी होत नाही. आधी फिल्टर धुवावा, कॉइलवरची धूळ काढावी. मग कंप्रेसर चालू असताना थंड कॉइल निरखून पाहावी: सुरुवातीच्या एक-दोन वळणांवरच बर्फ जमत असेल आणि उरलेली कॉइल कोरडी, कोमट राहत असेल, तर गॅस कमी असल्याचा संशय रास्त आहे. जानेवारीच्या थंडीत मात्र साऱ्या कॉइलवर बर्फ धरणे हा सहसा बिघाड नसतो.

गळती न शोधता वरून गॅस भरून देणे मला मुळीच मान्य नाही. नायट्रोजनचा दाब देऊन साबणाच्या फेसाने गळती शोधावी, ब्रेझिंग करावे (ज्योतीने धातू वितळवून गळतीची जागा बंद करावी), पंपाने नळ्यांतली हवा ओढून व्हॅक्यूम काढावा आणि नेमप्लेटवर लिहिलेला गॅस, बहुधा १००-२०० ग्रॅमच, काट्यावर तोलून भरावा, कारण इतक्या थोड्या मात्रेत १०-२० ग्रॅमचा फरकही जाणवतो. आर-२९० हा गॅस म्हणजे ज्वलनशील प्रोपेन. तो असल्यास मोकळ्या हवेत पूर्ण काढून, नळ्या नायट्रोजनने साफ केल्याशिवाय ज्योत पेटवू नये.