गटाचे सहा, ज्याचे त्याचे चार

आमच्या पॉलिटेक्निकमध्ये मायक्रोप्रोजेक्टचे मार्क सांगायचे म्हणजे दहा मार्कांपायी दुपारभर कोर्ट भरवायचं. आय स्कीम, म्हणजे आधीचा अभ्यासक्रम, होती तेव्हाची गोष्ट. दहातले सहा गटाचे, सगळ्यांना सारखे. उरलेले चार ज्याच्या त्याच्या तोंडी परीक्षेचे. भांडण सगळं त्या सहांवरून. ‘मॅडम, लिहिलं सगळं मी, अन् मार्क ह्यालापण तेवढेच?’ हे दर सेमिस्टरला ऐकावं लागतं, आणि बऱ्याचदा ते खरंही असतं. चौघांच्या गटात एक जण लिहितो, एक टायपिंग करून आणतो, एक स्पायरल बाइंडिंगचे पैसे देतो आणि एक फोटोत उभा राहतो.

सिव्हिलच्या त्या बॅचमधल्या एका गटानं आपापल्या गावच्या पिण्याच्या पाण्याचा हार्डनेस, म्हणजे त्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या क्षारांचं प्रमाण, काढला होता. आमच्याकडे पोरं एकमेकांना गावावरूनच हाक मारतात, तेव्हा मीही तसंच सांगते. बार्शी म्हणजे वर्गातली पहिली, फाइल तिच्या हातची. वैरागनं टायपिंग केलं. करमाळा बोलायला पुढे. आणि मोडनिंब सकाळच्या एसटीनं पाण्याच्या बाटल्या घेऊन यायचा, प्रयोग करायचा आणि गप्प बसायचा.

प्रयोग साधाच, टायट्रेशनचा. पन्नास मिली पाण्यात बफर, म्हणजे पीएच दहाच्या आसपास धरून ठेवणारं द्रावण, घालायचा, एरिओक्रोम ब्लॅक टी हा रंग दाखवणारा दर्शक घातला की पाणी लालभडक. मग ब्युरेटमधून, म्हणजे खुणा केलेल्या काचेच्या नळीतून, थेंब थेंब ईडीटीए सोडत राहायचं, हे द्रावण त्या क्षारांना बांधून घेतं. लालचं जांभळं होतं, आणि एका थेंबाला स्वच्छ निळं. तिथं थांबायचं. आमच्या द्रावणाला ब्युरेटच्या आकड्याला वीसनं गुणलं की लिटरमागे मिलिग्रॅम हार्डनेस निघतो.

मोडनिंबच्या वस्तीवरच्या बोअरची फाइलमधली तीन रीडिंग होती 31.2, 31.3 आणि 26.9. सरासरी 29.8, म्हणजे हार्डनेस 596. खाली बार्शीच्या सुंदर अक्षरात निष्कर्ष होता: ‘आयएस 10500 नुसार 600 च्या मर्यादेत, पाणी पिण्यास योग्य.’ पिण्याच्या पाण्याच्या ह्या भारतीय मानकात खरं तर 200 पर्यंत हवं असं म्हटलंय. 600 ची सूट दुसरा स्रोतच नसेल तर.

त्या 26.9 वर पेन अडलंच. तोंडी परीक्षेत मी चौघांनाही विचारलं, हे रीडिंग एवढं खाली कसं? बार्शी म्हणाली, ‘ह्यूमन एरर, मॅडम.’ हे आमच्याकडचं रामबाण उत्तर, कुठल्याही प्रयोगाला चालतं. करमाळ्यानं सॅम्पलिंगवर भाषण दिलं. वैराग फाइलकडे बघत राहिली. मोडनिंब आत आला, जरा वेळ जमिनीकडे बघत उभा राहिला आणि म्हणाला, ‘बफर उतरला होता की मॅडम. बाटलीचं बूच रात्रभर उघडं होतं. रोज नाकात जातो तसा वास येत नव्हता. आणि निळा नीट होईना, जांभळ्यावरच रेंगाळत होता.’

पुस्तकात हे मिळेल, पण नाकानं ओळखलेलं मी पहिल्यांदाच ऐकत होते. त्या बफरमध्ये अमोनिया असतो. उघडा राहिला की अमोनिया उडून जातो, पीएच दहाच्या खाली येतो, मग रंग कुठं पालटला ते कळत नाही आणि माणूस अंदाजानं थांबतो. ते रीडिंग बाजूला ठेवलं तर बोअरचा हार्डनेस निघतो 625. म्हणजे मर्यादेबाहेर.

मार्क वाचले. गटाला सहापैकी तीन. तोंडी परीक्षेत बार्शीला तीन, मोडनिंबला चार. दहापैकी सहा हा आकडा बार्शीनं स्वतःच्या नावापुढे कधी पाहिला नसावा. ती उभी राहिली. ‘ह्याला माहीत होतं तर ह्यानं सांगितलं का नाही? ह्याच्यामुळे आमचे तीन गेले.’

मोडनिंब म्हणाला, ‘सांगितलं होतं की. ग्रुपवर टाकलं होतं.’

वर्गात मोबाइल काढायला बंदी आहे. मीच काढायला सांगितला. मेसेज होता: ‘तिसरं धरू नका बफर खराब आहे.’ त्याच्या खाली कुणाच्या तरी वाढदिवसाचे केक आणि फुगे, मग बाइंडिंगच्या पैशांची वाटणी. उत्तर एकाचंही नाही. करमाळ्यानं त्यावर अंगठा तेवढा दिला होता.

कुणी हसलं नाही, आणि बार्शी रडायच्या बेतात होती, म्हणून मी खडू ठेवून बोलायला घेतलं. रिंगेलमान नावाच्या फ्रेंच कृषी अभियंत्याचं काम 1913 मध्ये छापून आलं होतं, ते सांगितलं. त्यानं माणसांना दोर ओढायला लावला होता. आठ जण मिळून ओढायला लागले की प्रत्येकाच्या वाट्याचा जोर एकट्यानं ओढताना लागतो त्याच्या साधारण निम्म्यावर यायचा. लोक हे आळशीपणाचं उदाहरण म्हणून सांगतात. पण खुद्द त्यानं मुख्य दोष दिला होता तो सगळ्यांचा जोर एकाच क्षणी न लागण्याला. ‘तुमच्यातलं आळशी कुणीच नाही,’ मी म्हणाले. ‘चौघांनीही ओढलंय. पण तीन मार्क मी परत देणार नाही. गटाचे मार्क फाइलला आहेत, आणि फाइल मर्यादेबाहेरचं पाणी पिण्याजोगं म्हणते.’

आणखी एक सांगितलं, आणि ते वर्गाला ऐकू जाईल असं सांगितलं. दुसऱ्या एका गटाच्या फाइलमध्ये तिन्ही ओळी 22.4, 22.4, 22.4 होत्या. तीन वेगवेगळ्या बोअरना. ती फाइल सीनियर्सच्या कपाटातून आली होती हे ओळखायला टायट्रेशन लागत नाही. ह्या चौघांनी 26.9 खोडला नाही, त्याचा 31.1 केला नाही, शाईनं लिहिला तसाच ठेवला. म्हणून तर चूक सापडली. त्या वर्षीच्या फायलींमध्ये ही मला सगळ्यांत खरी वाटली, आणि मार्क कमी असले तरी हे मी तोंडानं बोलून दाखवलं.

शनिवारी चौघं लॅबमध्ये दिसली. कुणी बोलावलं नव्हतं. ताजा बफर, त्याच बोअरचं ताजं पाणी. ब्युरेट बार्शीनं धरलं, आणि थांब कधी म्हणायचं ते मोडनिंबनं ठरवलं. 31.2, 31.2, 31.3. निष्कर्षाचं पान बदललं. वैरागनं त्यात एक ओळ स्वतःहून घातली: हार्डनेसनं कुणी आजारी पडत नाही, पण साबणाला फेस येत नाही आणि हीटरवर पापुद्रा धरतो. मोडनिंबनं जोडलं की त्यांच्याकडे डाळीसाठी पाणी लांबच्या विहिरीवरून आणतात. ते फाइलमध्ये कुठं लिहायचं यावर पंधरा मिनिटं वाद झाला. शेवटी निरीक्षणात लिहिलं.

मार्कांचा तक्ता तसाच गेला, सहा आणि सात. पुढच्या वर्षी कॅपस्टोनला, म्हणजे शेवटच्या वर्षाच्या मोठ्या प्रोजेक्टला, गट पुन्हा हाच होता. कामाच्या वाटणीच्या कागदावर या वेळी ‘टायपिंग’, ‘बाइंडिंग’ असे रकाने नव्हते. प्रत्येक चाचणीपुढे दोन-दोन नावं होती: एकानं रीडिंग घ्यायचं आणि दुसऱ्यानं ते न बघता स्वतःचं घ्यायचं. फरक आला तर निष्कर्ष लिहायच्या आधी समोरासमोर बसायचं, ग्रुपवर नाही.