घोडीचा गुडघा आणि मेडिकलमधली ट्यूब

आमची घोडी नुकरा जातीची, पांढरीशुभ्र. शहादा तालुक्यात लग्नसराई लागली की डीजेपुढे डांबरी रस्त्यावर नाचायचं, हेच तिचं काम. वय झालं तसा पुढचा उजवा गुडघा सुजायला लागला. सकाळी सोडली की आधी लंगडायची, थोडी चालली की मोकळी व्हायची.

सल्ल्यांना तोटा नव्हता. सारंगखेड्याच्या यात्रेत भेटणारे एक जुने घोडेवाले आप्पा म्हणाले, "डाग दी दे भाऊ, बठ्ठं बरं व्हई जाई." आप्पांचा मान राखून डाग टाळला. तापल्या लोखंडानं झिजलेला सांधा भरून येतो, हे मला कधीच पटलेलं नाही. मग धाकट्या भावानं मेडिकलमधून डायक्लोफिनॅक या दुखण्यावरच्या औषधाची ट्यूब आणली, आपण कंबरेला लावतो तीच.

जनावरांच्या डॉक्टरसाहेबांनी ती बाजूला ठेवायला लावली. जनावरांसाठी हे औषध आपल्याकडे २००६ पासून बंद आहे. ते दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं, की त्यांची मूत्रपिंडं निकामी होतात. "पण मलमच ना, साहेब?" मी विचारलं. ते म्हणाले, कातडीतून अंगात जातंच की, नाहीतर लावायचं कशाला! अमेरिकेत घोड्यांच्या संधिवातासाठी याच औषधाचं १ टक्क्याचं क्रीम २००४ मध्ये मंजूर झालंय. ५ इंचाची रेघ, दिवसातून दोनदा, फार तर १० दिवस. औषध कातडीपार जावं म्हणून ते सूक्ष्म स्निग्ध कणांत भरलेलं असतं, त्यामुळे ते माप आपल्या ट्यूबला लागू नाही. आणि तेही क्रीम जास्त झालं तर पोटात व्रण होऊ शकतात.

एक्स-रेत झीज दिसली. मेलॉक्सिकॅम हे दुखणं-सुजेवरचं दुसरं औषध थोडे दिवस, तेही वजन पाहून. ते गिधाडांना सुरक्षित आहे. काम झालं की गुडघ्यावर गार पाण्याची नळी. तिखट लेप, गरम तेलं बंद, कारण नुकऱ्याची गुलाबी कातडी लगेच सोलवटते. सगळ्यात जास्त फरक नालबंदानं पाडला: खुराचा वाढलेला पुढचा भाग कापून पाऊल सरळ बसवलं. रोज सकाळी तापीकाठच्या मऊ मातीत हातात धरून फिरवतो.

सूज पूर्ण गेलेली नाही, ती जाणारही नाही. लंगडणं मात्र बरंच कमी झालं. आता सुपारी घेतानाच सांगतो: नवरदेव देवळापर्यंत नेऊ, नाचवायची असेल तर दुसरी घोडी बघा.