ब्लँकमध्येच बिस्फेनॉल

सोलापुरात नळाला पाणी काही दिवसांआड येतं, म्हणून घरोघरी साठवण. पूर्व भागातल्या एका घरी लोखंडी टाकीला आतून इपॉक्सी रंग दिलेला होता. टाकीतलं पाणी आणि थेट नळाचं पाणी, अशा दोन काचेच्या बाटल्या आमच्या प्रयोगशाळेत आल्या. शोधायचं होतं बिस्फेनॉल-ए, म्हणजे इपॉक्सी रंगातून पाण्यात उतरू शकणारं रसायन. बाटलीत क्लोरीन निष्प्रभ करणारं थायोसल्फेट आधीच टाकलेलं. नाहीतर वाटेतच क्लोरीन बिस्फेनॉल खाऊन टाकतो.

500 मिली पाणी काचतंतूंच्या फिल्टरमधून गाळलं, ड्युटेरियमवालं (जड हायड्रोजनचं) बिस्फेनॉल तुलनेचं मानक म्हणून मोजून घातलं आणि बिस्फेनॉल धरून ठेवणाऱ्या 200 मिलिग्रॅमच्या पॉलिमर कार्ट्रिजमधून मिनिटाला 5 मिलीच्या वेगाने सोडलं. मिथेनॉलने उतरवलं, नायट्रोजनखाली आटवलं आणि एलसी-एमएस-एमएसला (घटक वेगळे करून वस्तुमानावरून ओळखणारं उपकरण) लावलं. निगेटिव्ह मोड, 227 वस्तुमानाच्या आयनावरून 212 आणि 133 चे तुकडे.

टाकीच्या पाण्यात बिस्फेनॉलचा पीक (आलेखावरचा उंचवटा) स्पष्ट आला. ब्लँकमध्येही (नमुन्याऐवजी शुद्ध पाणी घेऊन केलेली तीच चाचणी) जवळपास तेवढाच! अशा वेळी ब्लँक वजा करून ‘आढळले नाही’ लिहिण्याचा मोह होतो. पण नळाच्या पाण्याचा पीक ब्लँकपेक्षा कितीतरी लहान होता. त्याच लॉटच्या कार्ट्रिज, तेच मिथेनॉल. भेसळ त्यांत असती तर ती नळाच्या नमुन्यातही दिसायला हवी होती. (ड्युटेरियमवालं मानक इथे उपयोगाचं नाही. ते गळती भरून काढतं, बाहेरून आलेली भर ओळखत नाही.)

काहीही इंजेक्ट न करता उपकरणातला ग्रेडियंट (द्रावकांचा बदलता प्रवाह) चालवला: बेसलाईन सपाट. तेवढंच मिथेनॉल आटवून लावलं: तेही स्वच्छ. उरलं ब्लँकचं पाणी. शुद्ध पाणी यंत्रातून काढून पारदर्शक पॉलिकार्बोनेट प्लॅस्टिकच्या जारमध्ये ठेवलं जायचं, आणि जार अल्कलीयुक्त साबणाने धुतला जायचा. अल्कलीने पॉलिकार्बोनेट तुटतं आणि त्यातून बिस्फेनॉलच सुटतं. सोलापूरचा मे महिना त्यात भर घालतो.

नमुन्यांना हे पाणी लागतं फक्त कार्ट्रिज ओली करायला 5 मिली आणि धुवायला 5 मिली. 500 मिलीच्या हिशेबात 2 टक्के. म्हणजे दूषित होता तो ब्लँक. वजाबाकीने टाकीचा खरा आकडाच पुसला गेला असता.

मग यंत्राचं सुरुवातीचं पाणी सोडून देऊन पुढचं थेट काचेच्या बाटलीत घेतलं. नव्या ब्लँकमध्ये पीक नाही, टाकीचा पीक कायम. युरोपीय संघाच्या 2020 च्या निर्देशातल्या लिटरला 2.5 मायक्रोग्रॅम मर्यादेच्या तो बराच खाली होता. अहवालात तसं लिहिलं आणि घरच्यांना पिण्याचं पाणी नळ आल्यावर थेट स्टीलच्या पिंपात भरायला सांगितलं.