चौदाव्या किलोमीटरचा गुडघा अखेर सुटला

काल १८ किमी झाले. बरोबर २ तास, पेस ६:४० (म्हणजे किलोमीटरला ६ मिनिटं ४० सेकंद), आणि उजवा गुडघा शेवटपर्यंत गप्प! चौदाव्या किलोमीटरला बाहेरच्या अंगाला येणारी ती कळ मागच्या तीन नोंदींत लिहिलीच आहे.

आयटी बँडच (मांडीच्या बाहेरून कंबरेपासून गुडघ्याखालपर्यंत जाणारा पट्टा), यात शंका नव्हती. बर्फ लावला, बूट बदलले, दहा दिवस विश्रांती घेतली. पुन्हा विजापूर रोडला गेलो की १४ला दुखणं हजर.

उलगडा केला पाण्याच्या बाटलीनं. स्ट्रेचिंगला थांबलो, बाटली डांबरावर आडवी ठेवली, तर ती घरंगळत थेट कडेच्या मातीत. पावसाचं पाणी निघून जावं म्हणून रस्ता मधे उंच, कडेला उतरता असतो. समोरची वाहनं दिसावीत म्हणून मी उजव्या कडेनं पळतो. जाताना उजवी, येतानाही उजवीच. म्हणजे वळून परत आलो तरी हिशोब फिटत नाही, सखल बाजूला कायम उजवाच पाय. १४ किमीत साडेसात हजारांवर पावलं!

डाव्या कडेनं, पाठीवर ट्रक घेऊन पळणं मला मंजूर नाही. म्हणून लाँग रन जुळे सोलापुरात आणला. ९०० मीटरचा सपाट चौकोन, २० फेऱ्या, दहा सुलट, दहा उलट. कॅडन्स, म्हणजे मिनिटाला पडणारी पावलं, १६४ वरून १७२ वर नेला; पाऊल आखूड पडतं, गुडघ्यावरचा भार उतरतो. शिवाय रोज कुशीवर झोपून पाय उचलणं. फोम रोलरवर (स्नायू रगडायची फोमची नळकांडी) पैसे घालण्याआधी हे करा. रोलरनं तेवढ्यापुरतं बरं वाटतं, आणि माझा तर महिन्यात चेपला. पळताना खायचं एनर्जी जेलही बंद, १० आणि १५ला दोन-दोन खजूर पुरले.

आता पंढरपूर. कार्तिकीची गर्दी ओसरली की आम्ही चौघं चंद्रभागेकाठी आपले आपण २१.१ किमी, म्हणजे हाफ मॅरेथॉन, पळणार, गड्डा (सोलापूरची सिद्धेश्वर यात्रा) भरायच्या आत. ठरलं होतं हायवेनं जाऊन-येऊन. पण तिथंही उजवी कडच की! हे लिहितानाच सुचतंय: नदीजवळ साडेतीन किमीची फेरी बसवली तर सहा फेऱ्यांत २१ होतात, तीन सुलट, तीन उलट. घाटाच्या पायऱ्या मात्र टाळायच्या. रविवारी सायकलवरून मोजून येतो. उरलेले ९७.५ मीटर महाद्वार घाटाकडे तोंड करून पळायचे.