आधी प्लाझ्मा, मग जंतू : इम्प्लांटच्या कोटिंगवरचा माझा अनुभव

कृत्रिम गुडघा असो, हाडातला स्क्रू असो की पेसमेकर, शरीरात बसवलेल्या वस्तूला जंतू एकदा चिकटले की स्वतःभोवती बुळबुळीत थर धरतात. हाच बायोफिल्म. त्याच्या आत दडलेल्या जंतूंवर अँटिबायोटिकची मात्रा चालत नाही, आणि बऱ्याचदा अख्खं इम्प्लांटच काढावं लागतं. गुडघा बदललेल्या शंभरातल्या एकदोघांवर ही पाळी येते. पुन्हा ऑपरेशन, पुन्हा अंथरूण, पुन्हा खर्च. हे टाळता आलं पाहिजे असं मला फार मनापासून वाटतं, म्हणून इम्प्लांटवर जंतू चिकटू न देणाऱ्या कोटिंगवर मी पुण्यात पीएचडी करते आहे. शोधनिबंधात निकाल छापून येतात, मधला खटाटोप येत नाही. या विषयात नव्याने येणाऱ्यांसाठी तो लिहिते.

चकत्यांची तयारी हे निव्वळ हमालीचं काम. भोसरी एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपमधून टायटॅनियमच्या सळईच्या चकत्या कापून आणल्या, पॉलिश पेपरवर घासल्या, ॲसिटोनमध्ये धुतल्या. त्यावर कायटोसानचा पातळ लेप दिला. कायटोसान म्हणजे कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून काढलेला पदार्थ. त्यात जंतू मारणारे चांदीचे नॅनोकण, म्हणजे अतिसूक्ष्म कण, मिसळले होते. जंतू होता स्टॅफिलोकॉकस ऑरियस, या दुखण्यातला नेहमीचा गुन्हेगार. तो पाषाणला एनसीएल या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या एनसीआयएम या जंतूंच्या संग्रहातून आणला.

पहिल्या फेरीचा निकाल डोळ्यांना सुखावणारा होता. जंतू सोडलेल्या ब्रॉथमध्ये, म्हणजे जंतू वाढवायच्या पोषक द्रवात, चकत्या ३७ अंशांवर दिवसभर ठेवल्या, सुटे जंतू हलक्या हाताने धुऊन काढले आणि बायोफिल्मला जांभळं करणारा क्रिस्टल व्हायोलेट हा रंग टाकला. साधी चकती गडद जांभळी झाली, कोटिंग असलेली जवळपास पांढरीच राहिली. मात्र हा रंग मेलेल्या जंतूंनाही चढतो, म्हणून चकत्या सोनिकेटरमध्ये, म्हणजे ध्वनिलहरींच्या यंत्रात, हलवून जंतू सोडवले आणि प्लेटवर कॉलन्या मोजल्या. हजारात एखादाच जंतू जगला होता. लॅबमध्ये पेढे वाटायचंच काय ते बाकी होतं.

माझ्या गाइड मॅडमनी प्लेट बघितल्या आणि एवढंच विचारलं, "यात रक्त कुठंय गं?"

माझ्या मते या विषयातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच. इम्प्लांट शरीरात गेलं की काही क्षणांत त्याच्यावर रक्तातल्या प्रथिनांचं पांघरूण पसरतं. जंतूला मग टायटॅनियम दिसतच नाही, दिसतं ते फायब्रिनोजेनसारखं प्रथिन. आणि फायब्रिनोजेनला पकडायला स्टॅफिलोकॉकस ऑरियसकडे खास प्रथिनं असतात. शिवाय प्रथिनांमधलं गंधक चांदीला धरून ठेवतं, म्हणजे चांदीचा जोरही कमी होतो. नुसत्या ब्रॉथमध्ये यातलं काहीच घडत नाही.

मग परवानगी घेऊन रक्तपेढीतून प्लाझ्मा, म्हणजे पेशी वगळून उरलेला रक्ताचा द्रव भाग, मिळवला. २० टक्के प्लाझ्मामध्ये चकत्या रात्रभर ४ अंशांवर ठेवायच्या, सकाळी धुवायच्या आणि मग जंतू सोडायचे. यावेळी कोटिंगवाल्या चकतीवरही जांभळा रंग चढला. आधी कडेने, मग मध्ये ठिपक्याठिपक्यांनी. मोजणी केली तेव्हा दहातला एक जंतू तग धरून होता. हजारात एकावरून दहात एकावर आलो.

चांदी वाढवावी हे ओघानेच आलं. वाढवली आणि जंतू हटले. पण कोटिंगला हाडाच्या पेशींसोबतही नांदायचं असतं. विद्यापीठाच्या आवारातल्या एनसीसीएस या पेशी-संशोधन संस्थेतून एमजी-६३ या हाडाच्या पेशी आणल्या आणि किती पेशी जगल्या हे रंगावरून सांगणारी एमटीटी चाचणी लावली. आयएसओ १०९९३-५ या मानकाप्रमाणे ७० टक्क्यांपेक्षा कमी पेशी जगल्या तर तो पदार्थ पेशींना घातक ठरू शकतो. आमचा आकडा त्याच्या बराच खाली गेला. एमटीटीत जिवंत पेशी जांभळा रंग देतात. इथे तो हवा होता आणि प्लेटमधले खळगे फिके पिवळे पडले होते. तो आठवडा जड गेला.

वाट सापडली ती जुन्या वाचनातून. ॲंथनी ग्रिस्टिना यांनी १९८७ मध्येच हे सगळं शर्यत म्हणून मांडलं होतं : इम्प्लांटच्या पृष्ठभागावर आधी कोण पोचतं, शरीराच्या पेशी की जंतू. म्हणजे सुरुवातीचे दिवस निर्णायक. पेसमेकरभोवती घालायची मिनोसायक्लिन आणि रिफाम्पिनची जाळीदार पिशवीही याच हिशेबाने बनवली आहे. किमान सात दिवस ती औषध सोडते आणि साधारण नऊ आठवड्यांत विरघळून जाते. २०१९ साली जाहीर झालेल्या चाचणीत सुमारे ७,००० रुग्णांमध्ये वर्षभरातले मोठे संसर्ग १.२ टक्क्यांवरून ०.७ टक्क्यांवर आले. माझी चांदी मात्र वर्षानुवर्षं टिकावी अशा बेताने मी लेप घट्ट करत बसले होते. त्याची गरजच नव्हती. एकूण चांदी कमी केली, वरचा थर सैल ठेवला आणि पहिल्या आठवड्यातच बरीचशी चांदी सुटेल असं केलं. प्लाझ्मा लावूनही आता शंभरात एखादाच जंतू जगतो आणि पेशी ७० च्या वर राहतात. ब्रॉथमधल्या आकड्याइतका हा दिमाखदार नाही, पण माझा विश्वास याच्यावर जास्त आहे.

सध्या अडचण निराळीच आहे. स्क्रू हाडात पिळताना कोटिंग खरवडतं. कॅम्पातल्या शिवाजी मार्केटमधून बोकडाच्या मांडीची ताजी हाडं आणली. काय करणार म्हणून दुकानदारांनी विचारलं, सांगितल्यावर त्यांनी आपणहून नळी न तोडता अख्खी दिली. त्यात कोटिंग केलेले स्क्रू बसवले, पुन्हा काढले आणि इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली पाहिले. आट्यांच्या खाचांत लेप शाबूत होता, माथ्यावर धातू उघडा पडला होता. आता स्क्रूचा पृष्ठभाग आधी ॲसिडने खडबडीत करून त्यावर लेप देते आहे. पुढच्या आठवड्यात मायक्रोस्कोपची वेळ मिळाली आहे.