बखरीतील ती पाने कोणाच्या हातची?

सेलू, मे महिन्यातील रविवार, रात्र

आज दुपारी उकाडा असह्य होता, म्हणून मी आणि भाची जुन्या घराच्या आतल्या खोलीत जाऊन बसलो. माळवदाच्या त्या खोलीच्या भिंती दीड हात जाडीच्या आहेत आणि वैशाखातही तिथे गारवा असतो. कोपऱ्यातील पत्र्याची पेटी उघडण्याचा आग्रह तिचाच. पेटीत वरच्या थरात वाळलेला कडुनिंबाचा पाला, त्याखाली आईची दोन लुगडी आणि त्याखाली दोरीने बांधलेले इंद्रजाल कॉमिक्सचे अंक होते. वाळवीने कडा खाल्ल्या आहेत, तरी मजकूर शाबूत आहे. त्या गठ्ठ्यातील मुखपृष्ठ नसलेला एक अंक तिने तासाभरात वाचून संपवला आणि विचारले, "आत्या, हिचे पुढचे अंक कुठंयत?"

"पुढचे अंक नाहीत," असे मी सांगितले. तिला ते पटले नाही. मलाही तिच्या वयाची असताना पटले नव्हते, आणि आज रोजनिशी लिहायला बसण्याचे कारण तेच आहे.

ती गोष्ट ज्यूलीची. ली फॉक या अमेरिकी लेखकाने १९३६ मध्ये वेताळ, म्हणजे इंग्रजीतील फँटम, निर्माण केला. बापाचा वेश आणि कवटीची अंगठी मुलाने धारण करायची आणि जंगलातील लोकांनी मात्र चारशे वर्षे तोच एक अमर पुरुष वावरत आहे असे मानायचे, ही त्या कथेची मूळ कल्पना. आपण वाचला तो एकविसावा वेताळ. ज्यूली ही सतराव्या वेताळाची जुळी बहीण. भाऊ काम करण्यास असमर्थ झाला, तेव्हा तिने तो वेश अंगावर चढवला आणि त्याच्या जागी उभी राहिली. १९५० च्या दशकाच्या आरंभी रविवारच्या पट्ट्यांमधून आलेली ही कथा विल्सन मॅकॉय यांनी चित्रित केली होती. भाऊ बरा झाल्यावर वेश त्याच्याकडे परत गेला आणि गोष्ट संपली.

दहा-अकरा वर्षांची असताना मी ती वाचली, तेव्हा माझ्या मनात ज्यूलीच्या शौर्यापेक्षा एक वेगळाच प्रश्न घर करून राहिला. कवटीच्या गुहेत एका दालनात जाडजूड वह्या ओळीने ठेवलेल्या असतात आणि प्रत्येक वेताळ आपल्या कामगिरीची नोंद त्यांत स्वहस्ते करतो. त्या वह्यांना मी तेव्हापासून बखरी म्हणत आले आहे. मग ज्या दिवसांत वेताळ म्हणून ज्यूली वावरत होती, त्या दिवसांची पाने कोणाच्या हातची? तिने स्वतः लिहिली, की भावाने अंथरुणातून उठल्यावर ऐकीव माहितीवरून लिहिली? तिने लिहिली असतील, तर "मी" या शब्दापुढे तिने क्रियापदाचे कोणते रूप वापरले असेल? इंग्रजीत ही अडचण येत नाही, कारण तिथे बोलणारा पुरुष आहे की स्त्री हे क्रियापदावरून कळत नाही. मराठीत मात्र "मी गेलो" आणि "मी गेले" यांपैकी एक निवडावेच लागते, आणि ते निवडताच अमर पुरुषाची सारी दंतकथा एक तर टिकते किंवा मोडते. एवढा मोठा पेच जिच्या जन्मात भरलेला आहे, तिला एवढ्या थोडक्यात संपवणे मला आजही अन्यायाचे वाटते. तिच्या स्वतंत्र मालिकेचा पहिला अंक मी तिच्या पहिल्या लढाईपासून सुरू केला नसता. वेश उतरवून घडी घालून भावाच्या हाती दिला, त्या संध्याकाळपासून केला असता. ज्याने वाऱ्याच्या वेगाने घोडा फेकला आहे आणि ज्याच्या नुसत्या नावाने चाच्यांना पळताना पाहिले आहे, अशा माणसाने दुसऱ्या दिवशी सकाळी उठून काय करायचे असते, हे कोणत्याही वेताळाला कधी सोसावे लागले नाही. ते फक्त तिला सोसावे लागले.

ज्यूलीप्रमाणेच बहादूरच्या मालिकेतील बेलाबद्दलही मला वाटते, परंतु तिची तक्रार वेगळी आहे. आबिद सुरती यांनी १९७६ मध्ये बहादूर निर्माण केला आणि गोविंद ब्राह्मणिया यांनी तो काढला. भगवा कुडता आणि जीन्स घातलेला, डाकूचा मुलगा असूनही डाकूंच्या विरोधात गावकऱ्यांना उभे करणारा हा नायक आम्हाला परका वाटलाच नाही, कारण वेताळाच्या डेंकालीच्या जंगलापेक्षा बहादूरच्या जयगढचा धुळीचा रस्ता आमच्या रस्त्याच्या अधिक जवळचा होता. बेला त्याच्या बरोबरीने लढली आणि वर्षानुवर्षे त्या पानांवर राहिली, म्हणून तिला अल्पायुषी म्हणता येणार नाही. परंतु तिचे नाव मुखपृष्ठावर मोठ्या अक्षरांत येऊन तिची मालिका निघाली नाही, आणि १९९० मध्ये इंद्रजालच बंद पडल्यावर तो मार्गही मिटला.

आमच्या घरी हे अंक कसे येत, ते इथे नोंदवून ठेवले पाहिजे, कारण अल्पायुषी पात्रांविषयीची माझी ओढ त्यातूनच आली आहे. मामा मनमाड ते काचीगुडा या मार्गावर गार्ड होते. तेव्हा तो मार्ग मीटरगेज होता. त्यांची गाडी सेलूला जेमतेम दोन मिनिटे थांबे आणि तेवढ्यात ते गार्डाच्या डब्यातून सुतळीने बांधलेली सुरळी दादाच्या हातात देत. मनमाडच्या किंवा औरंगाबादच्या स्टॉलवर जो अंक हाती लागेल तो ते घेत, त्यामुळे क्रम असा कधी नसे. "उर्वरित भाग पुढील अंकात" हे वाक्य आमच्यासाठी बहुधा शेवटचेच वाक्य असे. मोठ्या शहरांतील मुलांना जी पात्रे आठवड्यामागून आठवडा भेटत, ती आम्हाला एकदाच भेटत. म्हणून एका अंकात येऊन गेलेल्या पात्राकडे मी कधीही किरकोळ म्हणून पाहिले नाही. पुढचे त्याचे आयुष्य आम्ही भावंडे रात्री माळवदावर अंथरुणे टाकून, चांदण्याकडे पाहत, आपसांत रचत असू. दादाला सगळी पात्रे शेवटी सेलूला यायला हवी असत.

१९८३ मध्ये सुप्रीमो आला तो मी हिंदीतून वाचला. अमिताभ बच्चन हे नट म्हणून जगतात आणि गुप्तपणे सुप्रीमो म्हणून संकटांशी झुंजतात, अशी ती कल्पना होती. चित्रे प्रताप मुळीक यांची होती आणि संहितेसाठी गुलजार यांचे मार्गदर्शन होते. सुप्रीमोच्या सोबतीला शाहीन नावाचा ससाणा आणि सोनाली नावाची डॉल्फिन होती. ही मालिका सुमारे दोन वर्षांत थांबली. मला वाटते, तिच्या नायकाचा चेहरा हीच तिची शक्ती होती आणि तीच तिची मर्यादाही ठरली. चेहरा उसना असला की पात्राला स्वतःचे बालपण, स्वतःचे शत्रू आणि स्वतःची भीती देता येत नाही. मुळीक यांचा हात मात्र असा होता की त्यांनी रेखाटलेल्या समुद्राकडे, ज्या मुलीने गोदावरीच्या पलीकडे पाणी पाहिले नव्हते तीसुद्धा, तासन्‌तास पाहत बसे. केवळ शाहीन आणि सोनाली यांना घेऊन, एक आकाशातला आणि एक पाण्यातली, अशी मालिका चालली असती तर ती मी आनंदाने वाचली असती.

गेल्या काही वर्षांत दादाच्या मुलाने मला अमेरिकेतील जुनी, स्वामित्वहक्क संपलेली कॉमिक्स टॅबलेटवर वाचायला शिकवले, आणि त्यातून ज्या एका अंकाने मला सर्वांत अस्वस्थ केले तो जून १९४७ चा आहे. ऑरिन इव्हान्स हे फिलाडेल्फियातील कृष्णवर्णीय पत्रकार. ते ज्या वृत्तपत्रात काम करत ते बंद पडल्यावर त्यांनी एक कॉमिक काढले, ज्याचे लेखक आणि चित्रकार सर्व कृष्णवर्णीय होते आणि नायकही कृष्णवर्णीय होते. इतर कॉमिक्स दहा सेंटला मिळत असताना त्याची किंमत पंधरा सेंट होती. त्यात एस हार्लेम नावाचा गुप्तहेर होता आणि लायन मॅन नावाचा तरुण शास्त्रज्ञ होता. संयुक्त राष्ट्रांनी त्याला आफ्रिकेतील गोल्ड कोस्ट येथे युरेनियमच्या साठ्यावर लक्ष ठेवण्यासाठी पाठवलेले असते आणि त्याच्यासोबत बुब्बा नावाचे एक खोडकर, पोरके पोर असते. इव्हान्स दुसऱ्या अंकाच्या तयारीला लागले, तेव्हा कागद विकणाऱ्यांनी त्यांना कागद देण्यास नकार दिला. दुसरा अंक निघाला नाही.

वाचकांनी नाकारल्यामुळे पात्र मरते हे मी समजू शकते. परंतु इथे वाचकांना नाकारण्याची संधीच मिळाली नाही. लायन मॅनची चित्रे सफाईदार नाहीत आणि गोष्टीची वीणही सैल आहे, हे मी प्रामाणिकपणे लिहिते. तरीही ज्या काळात कॉमिक्समधील आफ्रिकी माणूस बहुधा ओझी वाहणारा किंवा भेदरलेला दाखवला जाई, आणि आमच्या लाडक्या वेताळाच्या जंगलातही राखणदार गोराच असे, त्या काळात एक शिकलेला कृष्णवर्णीय शास्त्रज्ञ स्वतःच्या बुद्धीने आफ्रिकेच्या जमिनीखालील संपत्ती राखतो आहे, ही कल्पनाच शंभर अंकांचे बळ असलेली आहे. ही मालिका चालू राहिली असती, तर १९५७ मध्ये गोल्ड कोस्ट स्वतंत्र होऊन घाना झाला, तेव्हा तिचा नायक तिथेच असता. युरेनियम आता कोणाचे आणि आपण कोणाच्या वतीने इथे उभे आहोत, हा प्रश्न त्याला टाळता आला नसता. तो अंक निघाला त्या उन्हाळ्यात आमचा मराठवाडा निजामाच्या राजवटीत होता आणि १७ सप्टेंबर १९४८ ला तो मुक्त झाला. राज्य बदलले तरी जमीन तीच राहते आणि तिच्यावरच्या माणसाला आपली निष्ठा नव्याने ठरवावी लागते, हे वडिलांच्या तोंडून ऐकत मी मोठी झाले. म्हणूनच लायन मॅनचा दहा वर्षांनंतरचा तो न निघालेला अंक मला जवळजवळ दिसतो.

आणखी एक पात्र आहे, ग्रीन टर्टल. चू हिंग या चिनी वंशाच्या अमेरिकी चित्रकाराने १९४४ मध्ये ते निर्माण केले. चीनमध्ये जपानी सैन्याशी लढणारा हा नायक अवघ्या पाच अंकांपुरता जगला. प्रकाशकांना चिनी नायक नको होता आणि चित्रकाराने त्यावर उपाय म्हणून त्याचा चेहराच कधी दाखवला नाही, असे सांगितले जाते. सांगणे खरे असो वा नसो, पाने उलटताना मात्र नायक सतत पाठमोरा किंवा आपल्या झुलीआड दिसतो, हे कोणीही पाहू शकते. त्याचा सोबती असलेला बर्मा बॉय त्याला विचारत राहतो की तुम्ही ग्रीन टर्टल कसे झालात. तो सांगायला सुरुवात करतो आणि दरवेळी काहीतरी आडवे येते. ते उत्तर येण्यापूर्वीच अंक बंद पडले. सत्तर वर्षांनी, २०१४ मध्ये, जीन लुएन यांग आणि सनी ल्यू यांनी त्या नायकाची जन्मकथा लिहून आणि रेखाटून पूर्ण केली. हे कळले तेव्हा मी खरोखर आनंदले, कारण अर्धवट सोडलेल्या पात्राकडे कोणी परत जाऊ शकते याचा तो पुरावा होता. ज्यूलीकडे ज्या प्रकारे जायला हवे असे मला वाटते, त्या प्रकारे अजून कोणी गेलेले माझ्या वाचनात नाही.

संध्याकाळी ऊन उतरल्यावर भाचीने बखरीचा प्रश्न मला उलट विचारला. मी तो तिला सांगितलेला नव्हता, तिला तो आपणहून सुचला. "आत्या, त्या वहीत हिनं लिहिलं असंल ना? का भावानं?" माझे उत्तर मी तिला सांगितले नाही. तिने बराच वेळ विचार केला आणि म्हणाली की ज्यूलीने लिहिले असणार, परंतु शाई वेगळी वापरली असणार, म्हणजे पुढे वही उघडणाऱ्या मुलीला ती पाने चटकन सापडतील. इतक्या वर्षांत मला शाईचा विचार सुचला नव्हता.

बाकीचे अंक नवा पाला घालून पेटीत परत ठेवले आहेत. मुखपृष्ठ नसलेला तो अंक तिच्या उशाशी आहे आणि तिने त्यावर वर्तमानपत्राचे वेष्टण घालून निळ्या पेनाने एकच शब्द लिहिला आहे: ज्यूली.