तुम्ही विचारलंत म्हणून: वॉलेनरोड म्हणजे नक्की कोण?

प्रश्न ठरलेला. पोलिश कवी आडाम मित्सक्येविचच्या ‘कोनराड वॉलेनरोड’ या काव्यातले, मध्ययुगीन लिथुआनियावर चालून जाणारे ट्यूटॉनिक (जर्मन) सरदार म्हणजे कवीच्या काळी पोलंडवर राज्य करणारे रशियनच ना? मग रूपक म्हणा आणि मोकळे व्हा, पोलिश समीक्षकांनी एवढा काथ्याकूट कशाला केला?

असं ‘मोकळं’ होऊन वाचणारा पहिल्या फळीतला वाचक कोण होता, माहीत आहे? रशियन अधिकारी नोव्होसिल्त्सेव्ह. विल्नोच्या (आजचं विल्निअस) विद्यार्थ्यांची चौकशी करून कवीला रशियात धाडणारा तोच. १८२८ साली पीटर्सबर्गच्या सेन्सॉरने पुस्तक सोडलं आणि याने झारचा भाऊ ग्रँड ड्यूक कॉन्स्टंटिन याच्याकडे अहवाल पाठवला: हे काव्य वरवरची निष्ठा आणि आतला द्वेष शिकवतं. प्रस्तावनेत कवी सांगतो की जुनी लिथुआनिया आता इतिहासजमा झाली आहे. पण पुस्तकाच्या माथ्यावर मॅकियाव्हेलीचं वचन आहे, कोल्हाही व्हावं आणि सिंहही. सेन्सॉरने काणाडोळा केला, याने केला नाही. पुढे १८२९च्या आवृत्तीत झारची स्तुती आली. ती भीतीपोटी, की वॉलेनरोडचाच, वरून निष्ठा दाखवून आतून घात करण्याचा, डाव? यावर आजही एकमत नाही, आणि मी कौल देणार नाही. २९ नोव्हेंबर १८३० रोजी बंडखोर तरुण कॉन्स्टंटिनच्या वॉर्सातल्या बेलवेडर राजवाड्यावर चालून गेले, तेव्हा त्यांनीही काव्य असंच वाचलेलं होतं. चौकशी अधिकारी आणि बंडखोर यांचं वाचन एकच. मला खटकतं ते हेच.

आता ही किल्ली फिरवून बघा. सरदार म्हणजे रशियन, लिथुआनियन म्हणजे पोल, इथवर बिनबोभाट. शत्रूत वाढलेला, त्यांचाच ग्रँड मास्टर होऊन त्यांची फौज बुडवणारा कोनराडही बसतो. अल्डोना मात्र बसत नाही. बुरुजात स्वतःला कोंडून घेतलेली ही कोनराडची बायको. सूड पुरा झाल्यावर तो म्हणतो, चल, आणि ती नकार देते. मग तो विष घेतो. नुसतं रूपक असतं तर जयजयकारावर संपलं असतं.

तरी रूपकाला हिणवू नका. सेन्सॉरशिपखाली दुसरी वाट होती कुठे? दुसरा पोलिश कवी क्राशिन्स्की याने तर ‘इरिदिओन’ या नाटकात (१८३६) किल्ली स्वतःच हातात दिली: रोमचा सूड घेऊ पाहणारा ग्रीक शेवटी उत्तरेतल्या थडग्यांच्या आणि क्रुसांच्या भूमीत पाठवला जातो. ते वाचताना मी म्हणतो, बरं, इथे रूपकच.

पण हाव सुटली की काय होतं, ते मित्सक्येविचच्याच ‘जादी’ या नाट्यकाव्याच्या तिसऱ्या भागात (१८३२) दिसतं. फादर प्योतरच्या दृष्टान्तातल्या तारणहाराचं नाव ‘चाळीस आणि चार’. वाचकांनी हिब्रू अक्षरांच्या आकडेमूल्यांची बेरीज मांडली: आलेफ १, दालेत ४, मेम ४०. कवीचं नाव आडाम, बेरीज ४५. मग आलेफ गाळला.